आंकड्यांतून दिसणारें विश्व

रुग्णालयांत खाटेच्या उशाशीं तापाचा तक्ता टांगलेला आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. दर चार तासांनीं घेतलेल्या तापाचे आंकडे नुसते एकाखालीं एक मांडले, तर ते वाचून अर्थ लावावयास वैद्यासही वेळ लागतो. परंतु त्याच आंकड्यांचे ठिपके चौकटीच्या कागदावर काढून रेघेनें जोडले, म्हणजे ताप चढतो आहे कीं उतरतो आहे, हें रोग्याच्या आईसही दुरून कळतें. विद्यार्थीमित्रहो, गणिताच्या तासास जो आलेख काढतांना तुम्हांस कंटाळा येतो, त्याचें सामर्थ्य तें हेंच. विश्वाचें जें स्वरूप मनुष्यास आज ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळसा भाग त्यानें याच युक्तीनें जाणला आहे.

पहिलें उदाहरण आपल्या मुंबईचेंच घेऊं. शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा आहे. तेथील वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली व पुढें १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेतले जाऊं लागले. टांगलेल्या चुंबकाची स्थिति ठराविक वेळानें डोळ्यांनीं पाहून वेधकर्ते आंकडे वहींत उतरीत. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन नांवाच्या ज्योतिर्विदास सूर्यावरील डागांजवळ कांहीं मिनिटें प्रखर प्रकाश चमकतांना दिसला. दुसऱ्याच दिवशीं कुलाब्याच्या वहींतील आंकडे एकाएकीं कोसळले. २००३ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना यांनीं इतर देशी-विदेशी संशोधकांसह त्या नोंदींचा पुन्हां अभ्यास केला. एरवींच्या मोठ्या वादळांत चुंबकाचें आडवें बळ दोन-तीनशें एककांनीं उतरतें. त्या दिवशीं तें सुमारें १६०० एककांनीं उतरलें होतें. तसा तडाखा आज बसला, तर वीजवाहिन्या व कृत्रिम उपग्रह यांची काय दशा होईल, याचा अंदाज बांधतांना जगांतील शास्त्रज्ञ मुंबईच्या त्या नोंदीकडे वळतात.

आतां सूर्यमालेच्या बाहेर जाऊं. आपल्या आकाशगंगेसारख्या, अब्जावधि ताऱ्यांनीं बनलेल्या समुदायास दीर्घिका म्हणतात. १९२९ सालीं अमेरिकेंतील हबल यानें २४ दीर्घिकांचीं अंतरें आडव्या अक्षावर व त्यांचे वेग उभ्या अक्षावर मांडले. ठिपके सरळ रेघेच्या आसपास जमले: जी दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगानें आपल्यापासून दूर जाते. विश्व प्रसरण पावत आहे, ही गोष्ट त्या रेघेनें दाखविली. हबलचीं अंतरें खऱ्यापेक्षां सुमारें सात पटींनीं कमी होतीं, असें पुढें आढळलें. तरीही रेघ टिकली. सर्व दीर्घिका आपल्यापासून पळतात, म्हणजे आपण मध्यभागीं आहों काय? मुळींच नाहीं. रबराच्या पट्टीवर शाईचे ठिपके देऊन ती ताणून पाहा. कोणत्याही ठिपक्यापासून पाहिलें, तरी बाकीचे दूरच जातात.

चोवीस ठिपक्यांवरून आज आपण लाखों ठिपक्यांवर आलों आहों. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको संस्थानांतील स्लोन दुर्बिणीचा आरसा अडीच मीटरांचा आहे. आरंभीं तिच्यासाठीं ॲल्युमिनियमच्या तबकडीस ६४० भोकें पाडीत व प्रत्येकांत कांचेचा तंतू हातानें बसवीत. एका तंतूनें एका ज्योतीचा प्रकाश येई, आणि त्याच्या वर्णपटावरून तिचें अंतर ठरे. ही सारी माहिती सर्वांस खुली आहे. ती घेऊन पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेंतील व अन्य भारतीय संशोधकांनीं दीर्घिकांचा नकाशा काढला, तेव्हां मीन राशीच्या दिशेस ठिपक्यांची विलक्षण दाटी दिसली. तेथील घनता सरासरीहून किती अधिक आहे, हें त्यांनीं गणितानें तपासलें आणि जुलै २०१७ मध्यें दीर्घिकांचा एक महासमूह जाहीर केला. त्याचें नांव ‘सरस्वती’. तो सुमारें ४०० कोटी प्रकाशवर्षें दूर असून त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक आहे. आज त्याचा जो प्रकाश आपणांस मिळतो, तो निघाला तेव्हां पृथ्वीचें वय आजच्याहून पुष्कळच कमी होतें.

परंतु चित्र डोळ्यांस जितकें लवकर पटतें, तितकेंच तें फसवूंही शकतें. अशा नकाशांत दीर्घिकांचे कांहीं समूह लांबट बोटांसारखे दिसतात, आणि नवल हें कीं तीं सर्व बोटें पृथ्वीकडेच रोखलेलीं असतात! ज्योतिर्विद त्यांस ‘ईश्वराचीं बोटें’ म्हणतात. वस्तुतः तशीं बोटें आकाशांत कोठेंच नाहींत. समूहांतील दीर्घिका एकमेकींभोंवतीं फिरतात. त्या वेगामुळें आपली अंतराची मोजणी चुकते, आणि ती चूक आपल्याच दिशेनें ताणलेली दिसते. म्हणून आकृति दिसली कीं लगेच हर्षभरित न होतां, ही आकृति आकाशाची कीं आपल्या मापाची, असा प्रश्न प्रथम विचारावा.

या विद्येस मोठी दुर्बीणच हवी असें नाहीं. एक मीटर उंचीची काठी अंगणांत अथवा गच्चीवर सरळ उभी करा आणि दर आठवड्यास, सूर्य सर्वांत उंच असतां, तिची सावली मोजा. मुंबईंत डिसेंबरच्या अखेरीस ती उत्तरेकडे सुमारें ९२ सेंटिमीटर पडेल. मेच्या मध्यास ती नाहींशी होईल. जूनमध्यें ती थोडीशी दक्षिणेकडे वळेल, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हां लोपेल. वर्षभराचे ठिपके जोडले, तर पृथ्वीचा कललेला आंस तुमच्या वहींत उमटेल. पावसाळ्यांत ढगांमुळें कांहीं आठवडे रिकामे राहतील. ते तसेच राहूं द्या; जेथें माप घेतलें नाहीं, तेथें मनानें ठिपका घालूं नका.