बिदरीची चांदी पडद्यावर उतरवताना

उदगीरपासून जवळच असलेल्या बिदरची बिदरी कारागिरी संगणकीय चित्रणाच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडते, कारण जस्त आणि थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवल्यावर किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणाने जस्त काळे पडते, चांदी मात्र लखलखीत राहते.

'ब्लेंडर' या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चांदीचे 'मेटॅलिक' मूल्य 1 ठेवल्यास पृष्ठभागावरून विखुरणारा रंग नाहीसा होतो आणि दिलेली छटा केवळ परावर्तनाला लागते. त्यामुळे रिकाम्या दृश्यात ठेवलेली सुरई काळीठिक्कर दिसली, तर दोष धातूचा नसून प्रतिबिंबित व्हायला भोवताली काहीच नसल्याचा असतो.

काळा थर हा धातूच्या संयुगांचा असल्याने त्याचे 'मेटॅलिक' 0 धरावे आणि 'रफनेस', म्हणजे पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा, 0.6 च्या आसपास ठेवावा. चांदीला साधारण 0.2 पुरतो.

हे दोन भाग वेगळे करणाऱ्या काळ्या-पांढऱ्या मास्कची कड धारदार हवी, कारण मधल्या करड्या मूल्यांतून अर्धा धातू नावाचा निसर्गात नसलेला पदार्थ तयार होतो आणि नक्षी मातकट दिसू लागते.

'रफनेस'वर पुसट ओरखडे आणि बोटांचे ठसे उमटवले, की भांडे वापरातले वाटते.