कचकड्याची फीत कीं आंकड्यांचा कॅमेरा ?

गेल्या गौरी-गणपतींत आमचें सारें कुटुंब वाईच्या वाड्यांत एकत्र जमलें होतें. दिवाळीनंतर हा वाडा पाडावयाचा असें ठरलें असल्यामुळें तेथील हा शेवटचाच सण होता. आमच्या मातोश्रींचें वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचें आहे. जात्यावरच्या व सणावारांच्या ओव्या त्यांना जितक्या मुखोद्गत आहेत, तितक्या आमच्या घराण्यांत दुसऱ्या कोणासहि येत नाहींत. आणि त्या कोणीं उतरूनहि घेतलेल्या नाहींत. म्हणून धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं, म्हणजे माझ्या पुतण्यानें, असा मनोदय प्रकट केला कीं, वाडा उभा आहे व आजीचा कंठ चालतो आहे तोंच दोहोंचा मिळून एक लहानसा चित्रपट करावा.

मनोदय सर्वांस पसंत पडला. मतभेद झाला तो साधनाविषयीं. चिरंजीवांना एका स्नेह्याकडून १६ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, किल्लीचा जुना बोलेक्स कॅमेरा मिळण्यासारखा होता व त्यावरच सारें चित्रण करावें असा त्यांचा आग्रह होता. “काका, फिल्मला जें रूप येतें तें दुसऱ्या कशालाहि येत नाहीं,” असें त्यांचें म्हणणें. उलट आमचे थोरले बंधु म्हणाले, “अरे, जग डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रपट काढतें आहे आणि तूं हा मागासलेपणा कशाला करतोस ?” मला छायाचित्रणाचा जुना नाद असल्यामुळें निवाडा मजकडे आला. तो देण्यापूर्वीं जो विचार करावा लागला, तोच वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण आज घरोघरीं असा एखादा वाडा आणि अशी एखादी आजी आहेच.

प्रथम फिल्म म्हणजे काय तें पाहूं. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो व त्यांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. प्रकाश पडला कीं त्या कणांत डोळ्यांस न दिसणारा फरक होतो आणि रसायनांत धुतल्यावर त्यांतून चित्र प्रकट होतें. हे कण सर्वत्र सारखे नसतात. प्रत्येक चित्रांत त्यांची मांडणी निराळी असते. त्यामुळें पडद्यावर एक प्रकारची सजीव थरथर दिसते. चिरंजीव ज्यास ‘रूप’ म्हणतात, त्याचें एक कारण हेंच.

ह्या विद्येचा आरंभ आपल्याकडे तर एका गृहस्थाश्रमी घरांतच झाला. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणला व ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्या चित्रपटाच्या कच्च्या फिल्मला कडेनें छिद्रें पाडणें, ती धुणें आणि शिवाय साऱ्या मंडळींचें जेवणखाण पाहणें हीं कामें सरस्वतीबाई फाळके यांनीं केलीं. आपल्या चित्रपटसृष्टीची पहिली प्रयोगशाळा एका गृहिणीच्या हातांखालीं चालली, ही गोष्ट आपल्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

आतां फिल्मचा हिशेब ऐका. सेकंदास चोवीस चित्रें या गतीनें ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटास ९० फूट खर्च होते. म्हणजे १००० फुटांचें रीळ सुमारें अकरा मिनिटांत संपतें. १६ मिलिमीटरची फिल्म मिनिटास ३६ फूट लागते. बोलेक्समध्यें १०० फुटांचें रीळ बसतें. तें पावणेतीन मिनिटें चालतें. त्यांतहि किल्ली एकदां पुरी दिली कीं यंत्र सुमारें अठ्ठावीस सेकंदच फिरतें. पुन्हां किल्ली द्यावी लागते. शिवाय काय टिपलें गेलें तें फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नाहीं. प्रभात कंपनीनें १९३३ मध्यें ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचें साहस केलें, तेव्हां तिच्या प्रती जर्मनींत तयार करविल्या होत्या. आणि रंग मनासारखे उतरले नाहींत हें कळलें तें सारे श्रम व पैसा खर्च झाल्यावर.

ह्या अडचणींतून एक गुणहि निपजतो. प्रत्येक फूट पैशाचें असल्यामुळें मनुष्य आधीं विचार करतो, तालीम घेतो, उजेड पाहतो व मगच कळ दाबतो. मोजकें धान्य घरांत असलें म्हणजे सुगरणीचा हात जसा जपून चालतो, तसेंच हें आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर नांवाची एक चकती असते. तिच्यावर लक्षावधि प्रकाशग्राही बिंदु रांगेनें बसविलेले असतात. प्रकाश पडला कीं प्रत्येक बिंदूंत विद्युद्भार सांठतो, तो मोजला जातो आणि त्याचा आंकडा होतो. बिंदूला स्वतःला रंग कळत नाहीं. म्हणून त्यांवर रंगीत गाळण्या बसवितात. प्रचारांतील पद्धतींत निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या अशी वांटणी असते. अशा रीतीनें चित्र म्हणजे शेवटीं आंकड्यांची एक प्रचंड वही होय.

या वहीचे लाभ उघड आहेत. चित्र तत्क्षणीं दिसतें. बिघडलें तर पुन्हां घेतां येतें. कॅमेरा तासभर सलग चालूं शकतो. आणि मंद उजेडांतहि काम होतें. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या २००८ च्या चित्रपटाचें बरेंचसें चित्रण लहान डिजिटल कॅमेऱ्यांनीं मुंबईच्या गल्लीबोळांत झालें. मोठा कॅमेरा व त्याचा लवाजमा घेऊन जेथें शिरणें कठीण, तेथें हा शिरला. आणि त्याच चित्रपटास उत्कृष्ट छायाचित्रणाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. पुढें २०११ च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनीं फिल्मचे नवे कॅमेरे करणें सोडलें व २०१३ मध्यें फुजीफिल्मनें चित्रपट-चित्रणाची फिल्म काढणें बंद केलें. तरीहि फिल्म मेली नाहीं. क्रिस्टोफर नोलन यांचा २०२३ चा ‘ओपेनहायमर’ मोठ्या आकाराच्या फिल्मवर चित्रित झाला व त्यासाठीं कोडॅकनें ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम तयार केली. तेव्हां थोरल्या बंधूंचा ‘मागासलेपणा’ हा शब्द मला मान्य करतां आला नाहीं.

दोहोंचा खरा फरक आमच्या माजघरांतच पाहतां येतो. तेथें दुपारीं एका झरोक्यांतून ऊन येतें आणि बाकी सारा काळोख. निगेटिव्ह फिल्म प्रखर उजेड सोसते. झरोक्याची कड हळूहळू पांढरी होत जाते. परंतु काळोखांतील जातें तीस नीट दिसत नाहीं. डिजिटल कॅमेऱ्यास जातें दिसतें. पण त्या बेतानें उजेड घेतला तर झरोका एकदम कोऱ्या कागदासारखा होतो व तेथील तपशील कायमचा जातो. म्हणून जाणते लोक असें सांगतात कीं, फिल्मवर काम करतांना काळोखाची काळजी घ्यावी, डिजिटलवर करतांना उजेडाची.

येथपर्यंत पारडें समतोल होतें. तें हाललें एका ट्रंकेमुळें. वाड्याची आवराआवर करतांना माळ्यावरून एक ट्रंक खालीं आली. तींत आमच्या कै. तीर्थरूपांनीं १९६६ सालीं, थोरल्या बंधूंच्या मुंजींत, ८ मिलिमीटर कॅमेऱ्यानें घेतलेलें रीळ होतें. आणि थोरल्या पुतणीच्या २००६ सालच्या लग्नाची सीडीहि होती. रीळ दिव्यासमोर धरून भिंगांतून पाहिलें, तों मातृभोजनाच्या पंगतींतला बटु आणि एकोणतीस वर्षांच्या मातोश्री स्पष्ट दिसल्या. नऊवारीचा हिरवा रंगदेखील शाबूत होता. सीडी मात्र घरांतल्या एकाहि यंत्रावर चालली नाहीं. वीस वर्षेंहि न झालेलें लग्न मुकें होऊन बसलें होतें व साठीकडे झुकलेली मुंज बोलत होती !

परंतु ह्यावरून फिल्म अमर आहे असें समजूं नये. जुनी नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही असते कीं, ती पाण्याखालींहि जळत राहते. पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत नायट्रेट फिल्मचा अमोल सांठा भस्म झाला. ‘राजा हरिश्चंद्रा’चेहि आज कांहीं भागच उरले आहेत. नंतरची ॲसिटेट फिल्म तशी जळत नाहीं. पण उष्ण व दमट हवेंत ती कुजूं लागते, शिरक्यासारखा वास येतो, आणि ती आक्रसून वांकडी होते.

उलटपक्षीं आंकड्यांची वही सांभाळणें हेंहि सोपें नाहीं. ४०९६ गुणिले २१६० बिंदूंचें चित्र बारा बिटांनीं, न आवळतां नोंदलें, तर एका चित्रास सुमारें १ कोटि ३३ लक्ष बाइट लागतात. सेकंदास अशीं चोवीस चित्रें, म्हणजे एका तासास एक टेराबाइटहून अधिक! अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें २००७ मध्यें हिशेब प्रसिद्ध केला, त्यांत चित्रपटाची डिजिटल मूळ प्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च फिल्मच्या सुमारें अकरा पट निघाला. तेव्हांपासून सांठवण पुष्कळ स्वस्त झाली आहे. तथापि मुद्दा खर्चाइतकाच निगेचा आहे. फिल्म थंड व कोरड्या जागीं ठेवून विसरतां येते. आंकडे विसरले कीं गेले.

आणि दोन्ही साधनें एकमेकांचीं वैरी नाहींत, हें सत्यजित राय यांच्या अपु-चित्रत्रयीनें दाखविलें आहे. लंडनमधील एका प्रयोगशाळेस १९९३ मध्यें आग लागून त्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळकीं रिळें कोणीं टाकून दिलीं नाहींत. वीस वर्षांनीं इटलींतील बोलोन्या येथें तज्ज्ञांनीं तीं हातानें सांधून, मऊ करून, चित्रामागून चित्र डिजिटल यंत्रांत घेतलीं. जो भाग गेला होता तो दुसऱ्या प्रतींवरून भरला. आणि २०१५ मध्यें ते चित्रपट पुन्हां पडद्यावर आले. फिल्मनें मूळ राखलें, डिजिटलनें त्यास जीवदान दिलें.

मग निवाडा काय ? मीं चिरंजीवांस विचारिलें, “तुझ्या चित्रपटांत पुन्हां न मिळणारी वस्तु कोणती ?” ते क्षणभर थांबून म्हणाले, “आजीचें म्हणणें.” त्याबरोबर पुष्कळसा उलगडा झाला. मातोश्रींना ‘थांबा, रीळ संपलें’ असें म्हणतां येणार नाहीं व म्हटलेली ओवी पुन्हां म्हणावयास लावणें हेंहि योग्य नाहीं. किल्लीच्या कॅमेऱ्याची घरघर आवाजांत मिसळेल ती निराळीच. तेव्हां मातोश्रींचें सारें चित्रण डिजिटल कॅमेऱ्यावर करावें, आणि वाड्यासाठीं मात्र १०० फुटांचें एकच रीळ वापरावें, असें ठरलें. वाडा स्थिर उभा आहे, तो घाई करीत नाहीं; त्याच्या दिंडी दरवाज्याला, तुळशीवृंदावनाला व झरोक्यांतल्या उन्हाला पावणेतीन मिनिटें पुरेशीं आहेत. फिल्म धुऊन कोठें मिळेल याची चौकशी मात्र ती विकत घेण्यापूर्वींच करावी, एवढी अट मीं घातली.

राहिला जतनाचा प्रश्न. तो आमच्या वहिनींनीं एका वाक्यांत सोडविला. त्या म्हणाल्या, “भावोजी, पैठणीची घडी दर वर्षीं मोडून निराळी घातली नाहीं तर ती घडीवरच फाटते; तसेंच नव्हे का हें ?” अगदीं तसेंच ! आंकड्यांचीहि घडी मोडावी लागते. आम्हीं नियम केला तो असा : प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती कराव्या, त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्या, एक प्रत दुसऱ्या गांवीं असावी, दर वर्षीं एकदां सर्व प्रती उघडून पाहाव्या आणि कांहीं वर्षांनीं त्या नव्या साधनावर उतरवाव्या. प्रत्येकीवर स्थळ, तारीख व माणसांचीं नांवें लिहावीं. जुनें रीळ जुन्या प्रोजेक्टरवर हौसेनें चढवूं नये. आक्रसलेलीं छिद्रें दांत्यांत फाटतात. तें जाणत्याकडून डिजिटल करून घ्यावें आणि त्यानंतरहि मूळ रीळ टाकूं नये.

चित्रण अश्विनांत झालें. पहिल्या दिवशीं मातोश्री जात्यापाशीं बसल्या, चार ओव्या म्हणून थांबल्या, पाणी मागितलें व बराच वेळ झरोक्याकडे पाहत स्वस्थ राहिल्या. चिरंजीवांनीं कॅमेरा बंद केला नाहीं. सात-आठ मिनिटांनीं त्यांना स्वतःच्या आईच्या तोंडच्या दोन ओव्या आठवल्या. त्या आम्हां भावंडांपैकीं कोणींच कधीं ऐकल्या नव्हत्या. फिल्मचें रीळ असतें तर तें त्या शांततेंतच संपलें असतें.

त्या ओव्यांची एक प्रत आतां नाशिकास आत्याबाईंच्या घरीं आहे. वाड्याचें रीळ धुण्यास गेलें आहे. अद्याप आलें नाहीं. चिरंजीव रोज टपालवाल्याची वाट पाहतात.