गिअर घसरतोय? आधी तेल बघा

अमेरिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांची पहिली गाडी सेकंडहँड असते. माझीही होती. एकदा फ्रीवेवर चढताना ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, आरपीएमचा काटा वर गेला, पण वेग वाढेना. मागच्या सीटवर मुलं, शेजारून ट्रक! यालाच ट्रान्समिशन घसरणं म्हणतात.

ऑटोमॅटिक गाडीत तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. दाब कमी पडला की त्या घसरतात, तापतात, झिजतात. म्हणून आधी तेल बघा. डिपस्टिक असेल तर मॅन्युअलप्रमाणे तपासा. अनेक गाड्यांत सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू ठेवून बघायचं असतं. तेल स्वच्छ पण कमी असेल, तर कुठेतरी गळती आहे. हे तेल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. तेल काळपट आणि जळक्या वासाचं असेल, तर चकत्या झिजल्या असण्याची शक्यता मोठी. मग नुसतं तेल बदलून भागत नाही.

नंतर कोड वाचून घ्या. १९९६ पासूनच्या गाड्यांना त्याचा पोर्ट असतोच. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय. का चुकतंय, ते कोड सांगत नाही. कधी एखादा सोलेनॉइड बदलूनही काम होतं.

मला एका गॅरेजने थेट नवीन ट्रान्समिशन सांगितलं. दुसऱ्याने गाडी वर उचलली, तर कूलरची नळी गळत होती. तेव्हा खर्चाला हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: "कोणत्या तपासणीत हे दिसलं?" आणि तोवर मुलांना घेऊन फ्रीवेवर जाऊ नका.