साचलेल्या पाण्यातील डास: रासायनिक औषधांशिवाय नियंत्रण

पावसाळ्यात घर, गोठा आणि शेताच्या आसपास जागोजागी पाणी साचते. ऐन हंगामात घरातील एक माणूस डेंगी किंवा मलेरियाने आजारी पडला, तरी शेतीची कामे खोळंबतात. उडणाऱ्या डासाच्या मागे लागण्यापेक्षा तो पाण्यात अळीच्या रूपात असतानाच त्याचा बंदोबस्त करणे सोपे आणि कमी खर्चाचे आहे.

आठवड्याचा नियम का?

अंडी, अळी आणि कोष या अवस्था पार करून उष्ण हवामानात साधारण ७ ते १० दिवसांत नवा डास बाहेर पडतो. त्यामुळे दर आठवड्याला ठरलेल्या वारी पाणीसाठे रिकामे केले, की हे चक्र तुटते. डेंगी पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरड्या जागीही काही महिने टिकतात. म्हणून भांडे नुसते उपडे न करता आतून घासावे.

अळी कशी ओळखावी?

पांढऱ्या वाटीत पाणी घ्या. श्वास घेण्यासाठी वर येणाऱ्या आणि वाटी हलताच वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या डासाच्या असतात. स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष आढळले, तर एक-दोन दिवसांत डास बाहेर पडतील असे समजावे.

पाणी पाहून उपाय

- जनावरांचा हौद, रांजण, बॅरल: आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे, उन्हात वाळवावे आणि मग भरावे. रांजण व बॅरल कापडाने किंवा घट्ट झाकणाने बंद ठेवावे.
- टायर, करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या: यांतील पाणी ओतून द्यावे. टायर छताखाली ठेवावेत.
- विहीर, शेततळे: गप्पी मासे सोडावेत. काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे पुरतात. काठावरील गवत आणि शेवाळ काढावे, नाहीतर अळ्या त्यात लपतात आणि मासे तेथे पोहोचत नाहीत. माशांसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.
- भात खाचर: पाणी देणे आपल्या हातात असेल, तर ते सतत साठवून न ठेवता आळीपाळीने द्यावे. फुलोऱ्यात आणि दाणे भरताना मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये. अनावश्यक फवारणी टाळावी. चतुराची पिल्ले आणि पाण्यातील इतर शिकारी कीटक डासांच्या अळ्या खातात.
- सांडपाणी: शोषखड्डा करावा किंवा पाणी परसबागेला द्यावे. शौचालयाच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधावी.

रिकामे करता न येणाऱ्या डबक्यात 'बीटीआय' हे जिवाणूजन्य अळीनाशक लेबलवरील प्रमाणात वापरता येते. अळीने ते खाल्ले तरच परिणाम होतो. कोष काही खात नाही, त्यामुळे उशीर करू नये.

ही काळजी घ्या

- गप्पी हा परदेशी मासा आहे. तो नदी, ओढा किंवा नैसर्गिक तलावात सोडू नये. तेथील स्थानिक माशांना त्याचा त्रास होतो.
- फवारणी पंप शेततळ्यात धुऊ नये. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर मासे जिवंत आहेत का ते पाहावे आणि गरज असल्यास पुन्हा सोडावेत.
- सिंचनाच्या किंवा जनावरांच्या पाण्यात जळके तेल टाकू नये.

एकाच घराने पाणी रिकामे करून पुरेसा फरक पडत नाही, कारण डास शेजारच्या टाकीतूनही येतो. वस्तीने मिळून आठवड्याचा एक वार 'कोरडा दिवस' ठरवावा आणि तो पावसाळा संपल्यानंतरही पाळावा.