संघर्ष, साहित्यातील

कथात्म व नाट्यात्म साहित्यात परस्परविरोधी इच्छा, मूल्ये वा शक्ती यांच्यात निर्माण होणाऱ्या ताणास संघर्ष असे म्हणतात. कथानकास गती देणे व पात्राचे अंतरंग उघड करणे, ही त्याची दोन प्रमुख कार्ये होत. संघर्षाचे बाह्य व आंतरिक असे दोन स्थूल प्रकार मानले जातात. सॉफोक्लीझच्या अँटिगनी या शोकात्मिकेत राजाज्ञा व बंधुप्रेम समोरासमोर उभी ठाकतात, तर महाभारतातील अर्जुनाचा विषाद हा मुख्यतः त्याच्या मनातला झगडा आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने आरंभापासून फलागमापर्यंत कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या असून त्यांतील ‘प्राप्त्याशा’ या अवस्थेत यशापयशाचा असाच ताण अभिप्रेत आहे.

संघर्ष नुसता सांगून भागत नाही. रूपक, प्रतीक, विरोध, संवाद इ. साधनांतून तो वाचकास जाणवावा लागतो. कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकाची कथा महाभारतातील असली, तरी प्रेक्षकांना कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन व द्रौपदीच्या ठिकाणी पीडित भारत दिसला. या रूपकाच्या सामर्थ्यामुळेच १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने नाटकावर बंदी घातली.

खलपुरुष नसतानाही संघर्ष किती तीव्र होऊ शकतो, हे मावळच्या पार्श्वभूमीवरील साहित्यात दिसते. मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकरांनी (१९१६–९८) या भूमीवर पवनाकाठचा धोंडी (१९५५) व माचीवरला बुधा (१९५८) या कादंबऱ्या लिहिल्या. दुसरीचे स्थळ लोणावळ्याजवळील राजमाची हे आहे. मुंबईतील मुलाचा संसार सोडून वृद्ध बुधा माचीवर एकटा राहावयास येतो. तेथे त्याचा कोणी वैरी नाही. मुलाबद्दलची माया आणि मातीची ओढ या दोन्ही प्रेरणा रास्त असल्याने निवड अवघड होते. मुंबईतील कोंडी व माचीवरील मोकळीक यांच्या विरोधातून हा ताण मूर्त होतो. झाडे व जनावरे बुधाची सोबती बनतात, तेव्हा चेतनगुणोक्ती हा अलंकार शोभेपुरता उरत नाही. बुधाने माणसांऐवजी कोणाची निवड केली, हे त्यातूनच कळते. पात्रांच्या तोंडची मावळी बोलीही भूमीचा पक्ष मांडते. माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची सपाटी. वर ओस किल्ला व खाली माणसांचे जग, यांमधील ही जागा बुधाच्या मनःस्थितीचे प्रतीक ठरते.

पुढे पवना धरणाच्या जलाशयाखाली पवन मावळातील गावांची जमीन गेली. धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. भूमी आणि माणूस यांच्या ताटातुटीचा प्रश्न त्यामुळे या प्रदेशात केवळ वाङ्मयीन राहिला नाही व या कादंबऱ्यांच्या वाचनास नवा संदर्भ लाभला.

म्हणून संघर्षाचा अभ्यास करताना नायक व खलनायक यांची नावे शोधणे पुरेसे नसते. लेखकाने दोन्ही पक्षांना कोणत्या साधनांनी बळ दिले, हे पाहावे लागते. एकच पक्ष बलवान असेल, तर निकाल आधीच ठरतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचकास पटते, तेव्हाच संघर्षाला खोली येते.