खातं निष्क्रिय कधी होतं?

• सलग 2 वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही, तर बचत किंवा चालू खातं निष्क्रिय. पासबुकात ‘व्याज जमा’ आणि ‘एसएमएस शुल्क’ एवढ्याच ओळी दिसत असतील, तर तो व्यवहार धरत नाहीत. इथेच बहुतेकांची फसगत होते.

• बचत खात्यावर व्याज चालूच राहतं. किमान शिल्लक नाही म्हणून दंड नाही, खातं पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही (रिझर्व्ह बँकेचे नियम, 1 एप्रिल 2024 पासून).

• सरकारी योजना वा शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना 2 वर्षांची अट नाही.

• खातं पुन्हा सुरू करायला केवायसी पुरते. रिद्धपूरहून पुण्याला गेलेल्याला त्यासाठी मोर्शी तालुक्यात परतावं लागत नाही. त्याच बँकेची कुठलीही शाखा चालते.

• 10 वर्षं उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. पैसे बुडत नाहीत: खातेदार किंवा वारस आपल्या बँकेतूनच मागू शकतो.

• अशा ठेवी शोधण्यासाठी ‘उद्गम’ पोर्टल, ऑगस्ट 2023 पासून.

• सहकारी बँकांनाही हेच नियम. पतसंस्थांना नाहीत.