आधीं विक्री कीं आधीं खरेदी?

बीजांकुरन्यायाचा अर्थ पाठशाळेंत उमगला नसेल, तर तो उतारवयांत घर बदलतांना खचित उमगतो. जुनें घर विकल्यावांचून नव्याचे पैसे येत नाहींत आणि नवें मिळाल्यावांचून जुनें सोडवत नाहीं. कराडच्या सोमवार पेठेंतील उंच जिन्यांचें घर सोडून विद्यानगरांत किंवा मलकापुरांत तळमजल्यावर राहावें, असें गुडघे सांगूं लागले म्हणजे हा पेच उभा राहतो.

बँका यासाठीं अल्प मुदतीचें ‘ब्रिज लोन’ देतात. जुनें घर विकतांच तें फेडावयाचें असतें. उपाय सोयीचा खरा. परंतु २० लाखांवर ९ टक्के व्याज धरलें तर दरमहा १५ हजार रुपये होतात. वडिलोपार्जित घराच्या मिळकतपत्रिकेवर चार भावांचीं नांवें असतील, तर सह्या जमवितांना दीड वर्ष सहज जातें, आणि तेवढ्यांत २ लाख ७० हजार व्याज चढतें. विसार मिळाला म्हणजे घर विकलें, असेंहि समजूं नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें साठेखतानें मालकी जात नाहीं. ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच जाते.

आधीं विकावें, तर पैसा ठेवावा कोठें? डिसेंबर २०२० मध्यें रिझर्व्ह बँकेनें कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, हें कराडकर विसरलेले नाहींत. त्याच वर्षापासून ठेवींचा विमा एका बँकेंत एका ठेवीदारास, व्याजासह, ५ लाखांपर्यंत आहे. सबब सारी रक्कम एके ठिकाणीं ठेवूं नये. घाईचेंहि कारण नाहीं. दीर्घ काळ मालकीच्या घराच्या विक्रीपूर्वी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत दुसरें घर घेतल्यास, अथवा ३ वर्षांत बांधल्यास, नफ्यावरील आयकरांत सवलत मिळते.

आमचें मत असें कीं, प्रथम भाऊबंदांच्या सह्या घ्याव्या, मग गिऱ्हाईक पाहावें, आणि ताबा सहा महिन्यांनीं देण्याची अट साठेखतांतच लिहून घ्यावी. एवढ्यानेंहि न भागल्यास कर्ज काढावें. पण त्याचें व्याज स्वतःच्या पेन्शनीवर न मोजतां, आपल्या मागें पत्नीस मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर मोजावें. तें वेतन पेन्शनीहून कमी असतें. यजमान मध्येंच गेले, तर त्या माउलीच्या पदरीं दोन घरें आणि एक कर्ज पडतें. आणि विकत घेणारा तिची अडचण ओळखूनच भाव पाडतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. पण त्या अंथरुणावर आपल्यामागें कोण निजणार आहे, हेंहि पाहावें. इत्यलम्.